प्रेमाची आज्ञा आणि सृष्टीची कथा

१८९३ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत जर्मन पंडित पॉल डॉयसेन यांनीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढें वेदान्तावर एक व्याख्यान दिलें. त्यांतील एक मुद्दा आमच्या सुशिक्षित वर्गाच्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, तो मूळचा कोणाचा हेंही आतां फारसें कोणाच्या ध्यानांत नाहीं. शेजाऱ्यावर स्वतःसारखें प्रेम करावें असें बायबल सांगतें. परंतु तें कां करावें? माझें सुखदुःख मला भोगावें लागतें, शेजाऱ्याचें शेजाऱ्याला. मग त्याला माझ्याइतकाच मानण्यास आधार कोणता? डॉयसेन यांचें म्हणणें असें कीं, या प्रश्नाचें उत्तर बायबलांत नाहीं, तें उपनिषदांत आहे. शेजारी आणि तूं हे तत्त्वतः दोन नाहींतच, हें तें उत्तर.

परक्या राज्यांत राहणाऱ्या आमच्या पूर्वजांस हें ऐकून धन्यता वाटली असल्यास नवल नाहीं. पुढें १९१५ सालीं ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झालें आणि ‘आत्मौपम्य’ हा शब्द मराठी वाचकांच्या घरोघरीं पोंचला. महाविद्यालयांत शिकवितांना आम्हीही डॉयसेन यांचा मुद्दा अनेक वर्षें मोठ्या समाधानानें मांडीत आलों. त्याच्या जोडीला इंग्रजी पुस्तकांतून उचललेली आणखी एक समजूत होतीच: जुना करार म्हणजे नियम आणि दंड, नवा करार म्हणजे प्रेम आणि क्षमा. या दोन्ही समजुतींत एक उणीव समान होती. ज्यांचा तो मूळ ग्रंथ, त्या यहुदी लोकांनीं तो कसा वाचला हें पाहण्याची गरज आम्हांस कधीं वाटली नव्हती. भाषांतरांच्या आधारें कां होईना, त्यांचे भाष्यग्रंथ जेव्हां चाळले, तेव्हां आमच्या समाधानाची आम्हांसच लाज वाटली. डॉयसेन यांचा प्रश्न यहुदी पंडितांना त्यांच्यापूर्वी सतराशें वर्षें पडलेला होता. त्याचें उत्तरही त्यांनीं दिलेलें होतें. आणि तें वेदान्ताच्या उत्तराहून निराळें होतें. तें उत्तर सृष्टीच्या कथेंत आहे. प्रस्तुत लेखांत त्याचाच परामर्श घ्यावयाचा आहे.

प्रथम ही आज्ञा कोणत्या संगतींत आली आहे तें पाहूं. येशू ख्रिस्तानें ज्या दोन आज्ञा सर्वांत श्रेष्ठ म्हणून सांगितल्या त्या दोन्ही जुन्या करारांतल्याच आहेत. देवावर सर्व मनानें, सर्व जीवानें आणि सर्व शक्तीनें प्रेम करावें ही आज्ञा ‘अनुवाद’ ग्रंथाच्या ६ व्या अध्यायांत आहे. शेजाऱ्यावरील प्रेमाची आज्ञा ‘लेवीय’ ग्रंथाच्या १९ व्या अध्यायांत १८ व्या वचनांत आहे. त्याच अध्यायाच्या ३४ व्या वचनांत उपऱ्यावरही स्वतःसारखेंच प्रेम करण्यास सांगितलें असून, तुम्हीही मिसर देशांत उपरेच होतां, असें त्याचें कारण दिलें आहे.

प्रेमाचा हा अध्याय वाचूं जाणारास पहिला अनुभव येतो तो त्याच्या रोखठोक व्यवहारीपणाचा. कापणी करतांना शेताच्या कडेचें पीक गोरगरिबांसाठीं राखावें; मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशीं ठेवूं नये; बहिऱ्याला शाप देऊं नये, आंधळ्याच्या वाटेंत अडथळा ठेवूं नये; न्याय करतांना गरिबाची कींव किंवा श्रीमंताची भीड धरूं नये; वजनें-मापें खरीं ठेवावीं. अशा गोष्टींच्या रांगेंत प्रेमाची आज्ञा बसविलेली आहे. तिच्या लगत आधीं काय आहे? तर मनांत वैर ठेवूं नये, सूड घेऊं नये, डूख धरूं नये. म्हणजे येथें प्रेम ही मनाची एखादी उचंबळ नसून, तराजू, शेत आणि न्यायासन यांजपाशीं दिसणारी वागणूक आहे. जो ‘कोरडा नियम’ म्हणून आम्ही नांवें ठेवीत होतों, त्याच्याच पोटांत प्रेम राहत होतें.

मूळ हिब्रू वाक्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. देवावरील प्रेमाच्या आज्ञेंत ‘देव’ हें क्रियापदाचें साधें कर्म आहे. शेजाऱ्याच्या आज्ञेंत मात्र त्या शब्दाला आपल्या चतुर्थीसारखा प्रत्यय लागलेला आहे. रब्बी मोशे बेन नहमान (११९४–१२७०) यांनीं या बारकाव्यावर बोट ठेविलें. दुसऱ्यावर शब्दशः स्वतःइतकें प्रेम करणें मनुष्याच्या हृदयाला झेपणारें नाहीं, असें ते मोकळेपणानें मान्य करतात. आज्ञेचा अर्थ ते असा करतात कीं, आपण आपल्यासाठीं जें भलें इच्छितों तें सर्व, हात राखून न ठेवतां, शेजाऱ्यासाठींही इच्छावें. आपल्या मराठींत ‘शेजाऱ्यावर’ आणि ‘शेजाऱ्यासाठीं’ यांत जो फरक आहे, तो येथें मनांत आणावा. पहिला शब्द भावनेकडे नेतो, दुसरा कामाला लावतो.

आतां मुख्य वादाकडे वळूं. हा वाद दुसऱ्या शतकांतील दोन पंडितांचा असून, लेवीय ग्रंथावरील ‘सिफ्रा’ या भाष्यांत आणि यरुशलेमच्या तालमुदांत तो नोंदलेला आहे. वाद इतका लहान आहे कीं, दोन वाक्यांत संपतो. रब्बी अकिबा म्हणतात कीं, शेजाऱ्यावरील प्रेमाची आज्ञा हें धर्मशास्त्राचें महातत्त्व होय. बेन अझाई म्हणतात कीं, याहूनही मोठें तत्त्व आहे, आणि तें ‘उत्पत्ति’ ग्रंथाच्या ५ व्या अध्यायाच्या आरंभीं आहे. वाचक उत्सुकतेनें तें स्थळ काढून पाहतो, तों तेथें काय सांपडतें? आदामाच्या वंशावळीचा मथळा! एखाद्या कुलवृत्तान्ताच्या पहिल्या ओळीला कोणी गीतेच्या उपदेशाहून थोर म्हणावें, तसाच हा प्रकार दिसतो. आपल्या भाष्यग्रंथांत पूर्वपक्षामागून सिद्धान्त येतो, आणि वाचक निश्चिंत होतो. येथें संग्राहकानें दोन मतें एकमेकांशेजारीं ठेविलीं आहेत. निवाडा दिलेला नाहीं. तो वाचकानेंच करावयाचा आहे.

बेन अझाई यांनीं वंशावळच कां निवडली? त्या मथळ्यांत दोन गोष्टी आहेत. एक, सर्व मनुष्यजात एका माणसापासून झाली. दुसरी, तो माणूस देवानें आपल्या प्रतिरूपांत निर्मिला. आणि तेथें पुरुषाबरोबर स्त्रीचाही उल्लेख आहे. आतां अकिबांच्या महातत्त्वांतील दुबळी जागा कोणती तें ध्यानांत येईल. ‘स्वतःसारखें’ या शब्दानें प्रेमाचें माप माझ्या हातांत दिलें जातें. परंतु ज्याला स्वतःचीच किंमत वाटत नाहीं, त्यानें काय करावें? ‘बेरेशित रब्बा’ या उत्पत्तिग्रंथावरील टीकेंत हाच धोका उघड करून सांगितला आहे: माझी अप्रतिष्ठा झाली, तर माझ्याबरोबर शेजाऱ्याचीही होवो, असें कोणी म्हणूं नये. रब्बी तनहूमा तेथें पुस्ती जोडतात कीं, तसें म्हणणाऱ्यानें आपण कोणाच्या प्रतिमेची विटंबना करीत आहों हें ओळखावें. अपमान गिळून जगणारीं माणसें संधि मिळतांच दुसऱ्याचा अपमान करतात. सासुरवास सोसलेली सून सासू झाली म्हणजे काय होतें, हें आपल्या घरांतून पुष्कळदां दिसलेलें आहे. तेथें ‘स्वतःसारखें वागव’ हा उपदेश केवळ निरुपयोगीच नव्हे, तर घातक ठरतो. माणसाची किंमत त्याच्या किंवा माझ्या मनावर अवलंबून नसून ती निर्मितीच्या वेळींच ठरून गेली आहे, असें म्हणण्यानेंच ती सुरक्षित राहते. डॉयसेन यांच्या ‘कां’ला हें उत्तर आहे.

याच विचाराचें अधिक विस्तृत रूप इ. स. २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘मिश्ना’ या संग्रहांत आढळतें. त्यांतही प्रसंग प्रवचनाचा नसून न्यायालयाचा आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. देहान्ताच्या खटल्यांत साक्ष देण्यास आलेल्या साक्षीदारांना न्यायाधीश धाक घालतात. पैशाच्या खटल्यांतील चूक भरून देतां येते, येथील येत नाहीं. देवानें आरंभीं एकच माणूस कां निर्मिला? एका जिवाचा नाश म्हणजे सबंध जगाचा नाश हें कळावें म्हणून. आणि माझा बाप तुझ्या बापाहून थोर असें कोणी कोणास म्हणूं नये म्हणूनही. त्यापुढें नाण्यांचा दृष्टान्त येतो. टांकसाळींत एका ठशानें पुष्कळ नाणीं पाडलीं, तर तीं सर्व सारखीं निघतात. देवानें सर्व माणसांवर पहिल्या माणसाचाच ठसा उमटविला, तरी एकही माणूस दुसऱ्यासारखा नाहीं. यावरून प्रत्येकानें जग आपल्यासाठीं निर्माण झालें असें म्हणावें, असा निष्कर्ष काढला आहे. साक्षीदाराच्या कानीं तो पडतो तेव्हां त्यांत अहंकार राहत नाहीं. समोर उभ्या असलेल्या आरोपीसाठींही हें जग निर्माण झालेलें आहे, ही जाणीव त्यांतून होते.

हा नाण्यांचा दृष्टान्त आम्हांस या साऱ्या विषयाचें मर्म वाटतो. आमचें आत्मौपम्य ऐक्यावर उभें आहे. शेजारी मजहून वेगळा नाहीं, म्हणून तो प्रिय. यहुदी विचारांत शेजारी माझ्याहून वेगळाच आहे, आणि कायमचा वेगळा राहणार आहे. ठसा एक, पण नाणें दुसरें; तें हरवलें तर त्याची भरपाई मजकडून होणार नाहीं. म्हणून तो मोलाचा. वेदान्ती यावर म्हणेल कीं, आमच्या ऐक्यांतील ‘मी’ हा देहाभिमानी ‘मी’ नव्हेच. तें खरें आहे, आणि वेदान्ताचें उत्तर खोटें आहे असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु आमच्याच वारकरी संतांनीं भक्तीच्या सुखासाठीं देव आणि भक्त हें द्वैत हौसेनें राखून ठेविलें, मोक्षही दूर सारला. प्रेमाला दोघे लागतात हें त्यांनीं ओळखलें होतें. देवाच्या बाबतींत जें आम्हांस इतकें उमगलें होतें, तें शेजाऱ्याच्या बाबतींत कां उमगूं नये? ‘सर्व एकच’ असें म्हणत असतांना समोरच्या माणसाचें नांव विचारण्याचें आम्ही विसरलों, आणि ऐक्याचें तत्त्वज्ञान मुखीं असलेल्या समाजांत गांवकुसाबाहेरचीं घरें शतकानुशतकें तशींच राहिलीं. हा दोष तत्त्वाचा कीं आचरणाचा, याचा निर्णय वाचकांनीं करावा. परंतु तत्त्व उंच असल्याच्या समाधानांत आचरणाची चौकशी राहून जाते, एवढें आमच्या स्वतःच्या अध्यापनावरूनही आम्हांस सांगतां येईल.

असो. बेन अझाई यांची बाजू आम्हीं इतकी उचलून धरली. पण परंपरेनें त्यांनाही सोडलेलें नाहीं. ते अविवाहित होते. जो प्रजोत्पादन करीत नाहीं तो देवाच्या प्रतिरूपाला उणेपणा आणतो, असें त्यांनीं एकदां प्रतिपादिलें, तेव्हां तुम्ही बोलतां छान, पण वागत नाहीं, असें त्यांना सहकाऱ्यांनीं तोंडावर सुनावलें. माझा जीव शास्त्रावर जडला आहे, जगाचें सातत्य इतरांकरवीं होईल, असें उत्तर त्यांनीं दिलें. बाबिलोनी तालमुदानें ही गोष्ट जपून ठेविली आहे, आणि तींत बेन अझाई यांच्या तत्त्वाची मर्यादा आपोआप दिसते. सर्व मानवजातीचा आदर करणाऱ्याला एकाही माणसाबरोबर संसार न करतां राहतां येतें. तेथें अकिबाच हवे. त्यांची आज्ञा मानवजातीविषयीं बोलत नाहीं. भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसाविषयीं बोलते.

अकिबांची वृत्तिही भाबडी नव्हती. वाळवंटांत दोघे चालले आहेत आणि एकाजवळ एकालाच पुरेल एवढें पाणी आहे, तर काय करावें? बेन पेतुरा यांचें मत असें कीं, दोघांनीं तें प्यावें आणि दोघेही मेले तरी चालेल, पण एकानें दुसऱ्याचें मरण पाहूं नये. अकिबांनीं मात्र आपला जीव आधीं, असा निर्णय दिला. प्रेमाच्या आज्ञेला महातत्त्व म्हणणाऱ्यानेंच तिची सीमाही आंखून दिली. आणि याच अकिबांचा, बार कोखबाच्या बंडानंतरच्या छळांत (हें बंड इ. स. १३२ ते १३५ या काळांत झालें), रोमन लोकांनीं लोखंडी फण्यांनीं अंग ओरबाडून वध केला, तेव्हां ते ‘शमा’ म्हणत होते अशी कथा आहे. ‘शमा’ म्हणजे देवाच्या एकत्वाचा उच्चार. देवावर सर्व जीवानें प्रेम करण्याची आज्ञा त्यालाच लागून येते. ती पाळण्याची संधि कधीं येईल, याची आपण जन्मभर वाट पाहिली, असें त्यांनीं शिष्यांना सांगितलें म्हणतात. शेजाऱ्यासाठीं पाण्याचा हिशेब आणि देवासाठीं बेहिशेबी प्राणार्पण, हीं दोन्ही एकाच माणसाच्या ठायीं होतीं.

या परंपरेंतील उणीव झांकून ठेवणें मात्र टीकाकाराला शोभणार नाहीं. लेवीय ग्रंथांतील ‘शेजारी’ हा त्या वचनाच्या संदर्भांत स्वजनच आहे. पुढच्या धर्मशास्त्र्यांनींही बहुधा तोच अर्थ धरिला. बाराव्या शतकांतील थोर तत्त्वज्ञ मोशे बेन मैमोन, ज्यांना युरोपांत मायमोनिडीज म्हणतात, त्यांच्या आज्ञासंग्रहांत देवावरील प्रेम, स्वजनावरील प्रेम आणि ‘गेर’वरील प्रेम अशा तीन निरनिराळ्या आज्ञा आहेत, आणि ‘गेर’ या शब्दाचा मूळ अर्थ उपरा असला, तरी तेथें तो धर्म स्वीकारून आलेला असा घेतला आहे. मिश्नेंतील एका जिवाच्या वचनाचेही दोन पाठ आहेत: कांहीं प्रतींत नुसता ‘जीव’ आहे, तर कांहींत ‘इस्राएलांतील जीव’ आहे. परंतु येथेंच सृष्टिकथेचें सामर्थ्य दिसून येतें. जेथें युक्तिवाद आदामापासून चालला आहे, तेथें ‘इस्राएलांतील’ हा शब्द बसतच नाहीं; आदाम कांहीं इस्राएल नव्हता. पाठ कोणताही असो, कथाच त्या शब्दाला बाहेर ढकलते. सृष्टीचा अध्याय हा प्रेमाच्या आज्ञेला सतत तिच्या कुंपणाबाहेर ओढणारा अध्याय आहे.

अठराव्या शतकांत नफ्ताली हर्ट्झ वेसेली यांनीं मेंडेल्सझोन यांच्या बायबलासाठीं लेवीय ग्रंथावर जें भाष्य लिहिलें, त्यांत अकिबा आणि बेन अझाई यांचा मोठा सुरेख मेळ घातला गेला आहे. ‘तुझ्यासारखा’ हा शब्द प्रेमाचें माप सांगत नसून शेजाऱ्याचें वर्णन करतो: जो तुझ्यासारखाच, देवाच्या प्रतिरूपांत घडलेला आहे, त्याच्यावर प्रेम कर. एका शब्दाचा अन्वय बदलतांच आज्ञेच्या पोटांतून तिचें कारण बाहेर आलें. भाष्यकाराचें काम याहून अधिक कोणतें असूं शकतें?

एकोणिसाव्या शतकांत हा प्रश्न पुन्हां न्यायालयांत आला. यहुदीतरांना लुबाडण्यास तालमुद परवानगी देतो, असा आरोप एका शाळामास्तरानें केल्यावरून १८८८ सालीं जर्मनींतील मारबुर्ग येथें खटला चालला, आणि तत्त्वज्ञ हेर्मान कोहेन यांनीं तज्ज्ञ म्हणून त्या आरोपाचें खंडन केलें. उपऱ्याचा विचार करतां करतांच मनुष्याला ‘मनुष्य’ सांपडला, असा त्यांचा पुढील आयुष्यांतील विचार १९१९ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत आला आहे. त्यांचे तरुण मित्र फ्रांझ रोझेनझ्वाइग यांनीं १९२१ च्या आपल्या ग्रंथांत सृष्टि, साक्षात्कार आणि उद्धार असा क्रम लावून, प्रेमाची आज्ञा देतां येते काय, हा जुना आक्षेप सोडविला. तिऱ्हाइताला ती देतां येत नाहीं. जो स्वतः प्रेम करतो त्यालाच ‘माझ्यावर प्रेम कर’ असें म्हणतां येतें. आणि ज्याच्यावर असें प्रेम झालें आहे, तो शेजाऱ्याकडे वळतो. या ग्रंथानंतर पुरतीं पंचवीस वर्षेंही लोटलीं नाहींत, तोंच त्याच जर्मनीच्या सत्तेखालीं लक्षावधि यहुदी स्त्रीपुरुष मारले गेले. आउश्विट्झच्या छावणींत तर माणसांचीं नांवें काढून घेऊन त्यांच्या हातांवर आंकडे गोंदले गेले. माणसांना एकाच ठशाचीं, सारख्याच किंमतीचीं, किंबहुना बिनकिंमतीचीं नाणीं समजणें म्हणजे काय, हें मिश्नेच्या दृष्टान्ताचें उलटें भाष्य जगानें तेव्हां पाहिलें.

शेवटीं आमच्या घरच्या एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. कोंकणांत, विशेषतः अलिबागच्या आसपास, जे बेने इस्राएल शतकानुशतकें राहिले त्यांना लोक ‘शनिवार तेली’ म्हणत. कारण ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारीं तो बंद ठेवीत. धर्मग्रंथांपासून तुटलेल्या त्या दीर्घ काळांत त्यांच्यापाशीं जें थोडें उरलें, त्यांत हा शनिवार आणि ‘शमा’ हीं दोन होतीं, असें त्यांची परंपरा सांगते. शनिवारच्या विसाव्याचीं कारणें धर्मग्रंथांत दोन दिलीं आहेत: ‘निर्गम’ ग्रंथांत देवानें सहा दिवसांत सृष्टि निर्मून सातव्या दिवशीं विसावा घेतला म्हणून, आणि ‘अनुवाद’ ग्रंथांत तुम्ही मिसर देशांत दास होतां म्हणून. पुढें याच लोकांसाठीं मिसरांतून झालेल्या सुटकेची ‘हगादा’ ही पोथी मराठी भाषांतरासह १८४६ सालीं मुंबईस आणि १८७४ सालीं पुण्यास छापली गेली. सृष्टीची आठवण आणि प्रेमाच्या आज्ञेचें दार, हीं दोन्ही आमच्याच भाषेंत बोलणाऱ्या माणसांनीं घाण्याशेजारीं जपून ठेविलीं होतीं.

डॉयसेन मुंबईस बोलले तेव्हां त्या शहरांत बेने इस्राएलांचें सभास्थान उभें राहून शंभर वर्षें होत आलीं होतीं. तें १७९६ चें. शेजाऱ्यावर कां प्रेम करावें, या प्रश्नाला बायबलांत उत्तर नाहीं, असें ऐकून आमची विद्वत्सभा संतुष्ट झाली, आणि पुढें आम्हीही झालों. ज्याच्या ग्रंथाविषयीं हें बोलणें चाललें होतें, तो शेजारी त्याच शहरांत मराठी बोलत राहत होता. त्याला मात्र कोणीं विचारलें नाहीं. आम्हीही फार उशीरां विचारलें. यापुढें वर्गांत डॉयसेन यांचा प्रश्न आम्ही पूर्वीसारखाच मांडूं. पण उत्तरें दोन सांगूं, आणि दुसरें सांगतांना तें कोणाचें आहे हेंही सांगूं.